तंबोऱ्याची बॅग वेगळी

नवी बॅग हातात दिली की अक्का आधी ती कानाशी धरायच्या. मग डोळे मिटून दोनदा हलवायच्या, क्षणभर ऐकायच्या आणि म्हणायच्या, “स्वल्प हलतंय हो, अण्णा.”

स्वल्प म्हणजे थोडंसं. त्यांच्या या थोड्याशापायी मी किती शिवणी उसवल्या ते माझं मला ठाऊक.

बेंगळुरात मल्लेश्वरमला माझं बॅगांचं दुकान आहे. निपाणीहून आलो तेव्हा फूटपाथवर बसून दप्तरांच्या चेनी बदलायचो. आज दुकान स्वतःचं आहे, मागे कारागीर बसतात. हे कुणी ताटात वाढून दिलेलं नाही. फोमवाल्याशी भांडलो, कापडवाल्याशी भांडलो, तेव्हा झालं. माझा आवाज चढला की समोरचा फुलवाला हसतो, इतकी आता रस्त्याला सवय आहे. घासाघीस करणारं गिऱ्हाईक आलं की मला हुरूप येतो. या बाईंनी मात्र भावाचा शब्द कधी काढला नाही. त्या घासाघीस करायच्या ती बोटाच्या जाडीवरून. “इथे अर्धं बोट फोम जास्त घाला. खुंट्यांपाशी करंगळी फिरली पाहिजे.” अशा गिऱ्हाइकाशी भांडायचं कसं, सांगा!

सगळे त्यांना अक्का म्हणत, मीही म्हणू लागलो. घराणं मराठी, पण कित्येक पिढ्या बेंगळुरात गेलेल्या. त्यांचं वाक्य आपल्या घरातून निघायचं आणि शेजारच्या कन्नड घरात कॉफी पिऊन मग आपल्यापाशी यायचं. गल्लीतल्या मुलांना त्या व्हायोलिन शिकवायच्या आणि संध्याकाळी भजनी मंडळाबरोबर देवळांतून वाजवायच्या. घरातून तीन वाद्यं निघायची. व्हायोलिन आणि मेंडोलिन अक्कांच्या दोन खांद्यांना, आणि छोटा तंबोरा त्यांच्या यजमानांच्या हातात.

यजमान कचेरीतून निवृत्त झालेले, उंच, अबोल. “आमचे हे,” अक्का ओळख करून द्यायच्या, “यांना सा आणि रे सारखेच. पण तंबोरा कुणी आडवा धरला की यांना लगेच ऐकू येतं.” ते हसायचे नाहीत. जुन्या खोळीतला तंबोरा उभा धरून दुकानाच्या दारात पहाऱ्यावर असल्यासारखे थांबायचे.

तीन वाद्यांसाठी बॅगा निवडायला म्हणून अक्का पहिल्यांदा आल्या, तेव्हा तयार माल सगळा काढून दाखवला. एक हलकी, पण इतकी पातळ की बसमध्ये कुणाचं कोपर लागलं तरी वाद्याला लागावं. दुसरी कडक, पण झाकण लावलं की व्हायोलिनची घोडी दाबली जायची. तिसरीत मेंडोलिन मावायचं, पण मान अधांतरी. प्रत्येक बॅग कानाशी गेली आणि प्रत्येकीवर तोच निकाल लागला.

मग मी इरेला पेटलो. प्लायवूडची एकच पेटी केली. आत मखमल. खाली तंबोरा, वर व्हायोलिन आणि मेंडोलिन एकमेकांच्या उलट दिशेनं, म्हणजे एकाची मान दुसऱ्याच्या पायथ्याशी. प्रत्येक मानेला स्वतंत्र उशी. खाली चाकं, वर ओढायची दांडी. तिन्ही वाद्यं ठेवून झाकण लावलं. अक्कांनी कान टेकवला, पेटी हलवली. पुन्हा हलवली.

“सरी,” त्या म्हणाल्या, म्हणजे ठीक. “हलत नाही.”

त्या दिवशी मी फुलवाल्याला कॉफी पाजली. 

आठवडा झाला नसेल, अक्का पेटी ओढत परत आल्या.

“ही परत घ्या, अण्णा. तंबोऱ्याला वेगळी बॅग शिवा.”

“का? काय हललं?”

“काही नाही. फार छान आहे.”

“मग?”

“वेगळी हवी.”

मी भडकलो. कारागिराची कला, माझी झोप, मखमलीचा रंग, सगळं काढलं. बाहेर माणसं थांबून बघू लागली. अक्का स्टुलावर पदर सावरून बसून राहिल्या. माझा दम संपल्यावर म्हणाल्या, “झालं? आता माप घ्या.”

घेतलं माप. बॅग शिवून दिली, ती कानाशी गेली, हलली नाही. तरी त्यांची मान हलली. “स्वल्प जड करा.”

तुम्हीही दुकानांत तऱ्हेतऱ्हेची गिऱ्हाइकं पाहिली असतील. बॅग जड करा म्हणणारं पाहिलंय? मी तळाला जाड फळी घातली, कॅनव्हास दुहेरी केला, आणि मनात राग धरला. माझ्या हातून झालेली सगळ्यात चांगली वस्तू या बाईनं कारण न देता परत केली होती.

नवरात्रात देवळाच्या सभागृहात त्यांचा कार्यक्रम होता. मुद्दाम गेलो. बघतो तर अक्कांचं व्हायोलिन सुरू, शेजारी रुमालावर मोबाइल, आणि तंबोऱ्याचा सूर त्या मोबाइलमधून येतोय! माझी बॅग पहिल्या रांगेत, यजमानांच्या गुडघ्यांमध्ये उभी. चेन बंद.

कार्यक्रम संपल्यावर चपलांपाशी अक्कांना गाठलं. “तंबोरा काढलाच नाही तुम्ही! मग मी काय गंमत म्हणून फळी ठोकली?”

“हळू,” त्यांनी माझी बाही धरून बाजूला ओढलं. यजमान लांब उभे होते, बॅगेला कुणाचा धक्का लागू नये म्हणून भिंतीला पाठ लावून. “निवृत्त झाल्यापासून हे घराबाहेर पडेनात. खुर्ची आणि टीव्ही. गाण्याला चला म्हटलं तर म्हणायचे, मला काय कळतंय त्यातलं? तंबोरा उचलायला माणूस नाही म्हटलं, तेव्हा उठले. तुमची पेटी आली, सगळं चाकांवर चालायला लागलं. हे म्हणाले, बरं झालं, आता माझं काम नाही. आणि बसले पुन्हा खुर्चीत.”

अक्कांनी माझी बाही सोडली.

“तुमच्या पेटीत सगळंच मावलं, अण्णा. यांना काय उचलायला देऊ?”

“आणि जड कशाला?”

“हलकी असली तर म्हणतात, तूच ने.”

मी चपला घातल्या आणि आवाज न चढवता निघालो. तसं सहसा होत नाही.

पुढे ती दोघं शहराच्या दुसऱ्या टोकाला, इलेक्ट्रॉनिक सिटीला मुलाच्या फ्लॅटवर राहायला गेली आणि अक्कांचं दुकानात येणं थांबलं. पेटी वरच्या फळीवर आहे. वाजवणारे लोक विचारतात. मी असा भाव सांगतो की ते चहासुद्धा न घेता जातात. राग आहे माझा, तो असा स्वस्तात कसा विकू?

परवा संध्याकाळी यजमान एकटेच दारात. हातात तीच बॅग, बसमध्ये पट्टा तुटलेला. देवळात अक्कांचं वादन होतं, शिष्यांबरोबर त्या पुढे गेल्या होत्या.

“लवकर होईल का?”

“रिकामी करावी लागेल,” म्हणत मी चेन ओढली.

“थांबा, मी...” ते म्हणेपर्यंत बॅग उघडली होती. तंबोऱ्याच्या भोपळ्याच्या जागी स्टीलचे डबे. दांडीच्या जागी छत्री आणि अक्कांची शाल. खुंट्यांपाशी, करंगळी फिरावी म्हणून सोडलेल्या जागेत, लोणच्याची बाटली.

“तंबोरा?”

“घरी. भिंतीवर.”

“अक्कांना माहीत आहे?”

“डबे तिनेच भरलेत.” ते पहिल्यांदाच माझ्यासमोर हसले. “लांबून येतो, परतायला उशीर होतो. एकदा तिनं तंबोऱ्याशेजारी एक डबा ठेवला. पुढच्या वेळी आणखी एक. मग तंबोऱ्याला जागा राहिली नाही.”

“अहो, मग डब्यांना हलकी कापडी पिशवी देतो की!”

त्यांनी बॅग जवळ ओढली. “नको. हीच बरी.”

मी पट्टा दुहेरी शिवून दिला. त्यांनी बॅग उचलली, कानाशी धरली, डोळे मिटले आणि दोनदा हलवली. आत डब्यावर डबा वाजला.

“स्वल्प हलतंय,” ते म्हणाले.

बडबडत का होईना, मी फोम कापला. ज्या फोमसाठी फोमवाल्याशी अख्खी दुपार भांडलो होतो, तो दहीभात आणि लिंबाच्या चित्रान्नाच्या डब्यांमधे बसवला. त्यांनी पुन्हा कान लावला आणि मान डोलावली.

रिक्षा मीच थांबवली. ते आत बसले, बॅग गुडघ्यांमध्ये उभी धरली आणि रिक्षावाल्याच्या खांद्यावर हात ठेवून कन्नडमध्ये म्हणाले, सावकाश घे बाबा, आत तंबोरा आहे.