ताटाची डावी बाजू

अर्धांगवायूचा झटका येऊन गेल्यापासून दादा ताटातलं निम्मंच जेवतो. काल दुपारी मी त्याच्या शेजारीच जेवायला बसलो होतो. उजवीकडची भाजी, आमटी संपवून तो वहिनीवर खेकसला, "आज चटणी नाही, कोशिंबीर नाही. मला पथ्यावर ठेवलंयस का?"

दोन्ही तिथंच होत्या, डावीकडे, लिंबाच्या फोडीजवळ. त्याचे डोळे ठणठणीत आहेत. मेंदूनंच डावी बाजू सोडून दिलीय, असं डॉक्टर सांगतात. वहिनीनं ताट जागच्या जागी फिरवलं. दादानं आधी चटणीकडे, मग तिच्याकडे संशयानं पाहिलं. "आत्ता वाढलीस ना गुपचूप?"

मला हसू आलं, पण टिकलं नाही. आपल्याला कमी दिसतंय असं त्याला वाटतच नाही. त्याच्या लेखी ताट पुरतं दिसलेलं असतं, लबाड ठरते ती वाढणारी. मग माझ्या मेंदूवर तरी मी कुठल्या भरवशावर विसंबू? त्यानं परस्पर काय काय गाळलंय, हे मला तोच सांगणार! चोरानंच पंचनामा लिहायचा, तसला हा प्रकार.

"भाऊजी, तुम्हाला काही वाढू?" वहिनीनं विचारलं.

"नको, सगळं आहे," मी म्हणालो. तिची पाठ वळताच माझं ताट हळूच फिरवून पाहिलं.