भिंग, ठिपके आणि मी

शहापूरला माझा फोटो स्टुडिओ आहे. जुने फोटो, जुनी कार्डं ओळखायचा नाद लागला, घड्याळजी डोळ्याला लावतात तसलं नळीचं भिंग विकत घेतलं आणि तेव्हापासून फजितीचे इतके किस्से जमलेत, की गिऱ्हाइकं कमी पडावीत!

विद्या तशी साधी. शाईने छापलेलं चित्र भिंगाखाली ठिपक्याठिपक्यांचं दिसतं. खऱ्या फोटोत ठिपके नसतात. एवढंच!

*

वाशिंदचा सुनील कारखान्यात कामाला. बेसबॉल खेळाडूंची जुनी कार्डं परदेशातून मागवतो. एक घेऊन आला. मी भिंग लावलं, श्वास रोखला आणि जाहीर केलं, "एकही ठिपका नाय. ओरिजिनल फोटो!"

सुनील हळूच म्हणाला, "भाऊ, भिंग उलटं धरलंय."

सुलटं धरलं. ठिपकेच ठिपके!

*

मुरबाडचे गुरुनाथकाका. जन्म छापखान्यात गेला. त्यांना मी ठिपक्यांवर अर्धा तास लेक्चर दिलं. काकांनी शांतपणे ऐकलं, मग सुनीलचं दुसरं एक कार्ड दारातल्या उन्हात तिरकं धरलं. "कडेला काळ्या भागात चांदी चमकतेय बघ. फोटोच्या कागदात चांदी असते, छपाईच्या शाईत नसते. खरा फोटो हाय."

भिंगाशिवाय!

"काका, मग आधी का नाय बोललात?"

"तू थांबलास कुठं?"

*

एका बाईंनी पैलवान आजोबांचा पिवळा पडलेला फोटो आणला. पूर्वी अंड्याचा पांढरा बलक लावलेल्या कागदावर फोटो काढत. तो कागद असाच पिवळा पडतो. मी छाती फुगवून म्हणालो, "हा रंग बघा! शंभर वर्षांशिवाय येत नाय!"

"अहो, गणपतीत चहा सांडला त्याच्यावर."

*

डोळखांबकडच्या एक आजी आल्या. हातात कबड्डीच्या सामन्यांचं जुनं कार्ड, त्यावर बोटाच्या पेराएवढा त्यांच्या मालकांचा चेहरा. मालक जाऊन खूप वर्षं झालेली. दुसरा फोटोच नाही. "भिंतीवर लावायला मोठा करून दे रे."

भिंग लावलं. या वेळी सुलटं. ठिपके.

"आजी, हा फोटो नाय. छापलेलं हाय. मोठा केला तर तोंडभर नुसते ठिपके दिसतील."

आजींनी भिंग मागून घेतलं. मालकांच्या चेहऱ्यावर धरलं.

"मग बरोबर हाय की! लहानपणी देवी येऊन तोंडभर वण राहिले व्हते त्यांच्या."