वहिनींची चारशे वाक्यं

उघडबांच्या दुकानात कुठलंही यंत्र आलं की आधी पालथं पडायचं. आणणारा "अहो, काय झालंय ते तर ऐका" म्हणेपर्यंत मागचे चार स्क्रू निघून बशीत गेलेले असायचे. रेडिओ असो, प्रिंटर असो की कॉम्प्युटर, ज्याचं पोट उघडता येत नाही ते यंत्र आपलं नाही, ते आपल्या घरात राहायला आलेलं परक्याचं आहे, असं त्यांचं म्हणणं. म्हणूनच गल्लीने त्यांना उघडबा हे नाव ठेवलं. त्यांची बायको ही सगळ्यांची वहिनी. ती म्हणायची, "माणसाच्या पाठीला स्क्रू नाही ही देवाची कृपा. नाहीतर ही एवढं बोलते कशी ते बघायला यांनी मला कधीच उघडली असती!"

दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. मधल्या दाराच्या पलीकडे स्वयंपाकघर, आणि त्याला लागून देवाची लहानशी खोली. दुरुस्त झालेल्या प्रत्येक यंत्राच्या झाकणाला आतून उघडबा एक चिठ्ठी चिकटवायचे. काय बिघडलं होतं, काय बदललं, कुठला प्रोग्रॅम घातला, पुढच्याने कुठून उघडायचं. "उद्या मी नसलो तरी कुणाचं अडू नये." प्रोग्रॅम घालायचे तेही मोकळेच. गिऱ्हाईक म्हणे, "फुकट मिळतात म्हणून होय?" मग हातातलं काम ठेवून उघडबा समजावायला बसत. "फुकटचं काय घेऊन बसलात! याच्या आत काय लिहिलंय ते वाचता येतं. खटकलं तर बदलता येतं, शेजाऱ्याला देता येतं. घराला कुलूप असू दे की, पण किल्ली आपल्या खिशात हवी." गिऱ्हाईक मान डोलवायचं आणि विचारायचं, "पण यात पत्ते खेळता येतात ना?"

वहिनींना या मोकळ्या-बंदचं काही सोयरसुतक नव्हतं. त्यांचं धन म्हणजे त्यांचा आवाज. फार गोड होता अशातला भाग नाही, पण भरलेल्या घागरीसारखा होता, ऐकणाऱ्याला आत काहीतरी असल्याचं कळे. दिवेलागणीला त्या देवाच्या खोलीत बसून परगावी असलेल्या लेकीला फोन लावत आणि नातीला पलीकडे घेऊन प्रार्थना म्हणत. "दिवस दिलास, तो तुझ्या पायाशी परत ठेवते." नात पुढचं म्हणे, "चुकलंमाकलं पदरात घे." मग नात जेवायला जाई, आणि वहिनी मधल्या दाराशी येऊन हाक मारत, "अहो, जेवण निवतंय. किती वेळा सांगू?"

मग त्यांच्या घशात गाठ निघाली.

डॉक्टर भला माणूस. त्याने आडपडदा ठेवला नाही. स्वरयंत्र काढावं लागेल, जीव वाचेल, आवाज जाईल. हातात तीन आठवडे आहेत. पण एक सोय आहे, म्हणाला. आधी पुष्कळशी वाक्यं वाचून ठेवली तर त्यावरून यंत्राला आवाज शिकवता येतो. मग बोटांनी लिहायचं आणि ते तुमच्या आवाजात बोलतं.

उघडबांनी त्याच संध्याकाळी मोकळा प्रोग्रॅम शोधून काढला. आधी स्वतःवर करून पाहू म्हणून दोन दिवस स्वतःच वाक्यं वाचली, रात्रंदिवस कॉम्प्युटर चालू ठेवला, आणि तिसऱ्या दिवशी वहिनींना बोलावून कळ दाबली. कॉम्प्युटर बोलला, "नमस्कार. मी उघडबा बोलतोय."

वहिनींनी पदर तोंडाला लावला. "हे तुम्ही? पत्र्याच्या डब्यात खडे घालून हलवल्यासारखं वाटतंय!"

"सुधारेल गं. पुढेमागे प्रोग्रॅम सुधारला की पुन्हा शिकवता येईल. वाक्यं तर आपल्याकडेच राहतील ना."

तेवढ्यात लेक आली ती एका कंपनीचा टॅब घेऊनच. त्यात ऐकवायला कुणा बाईचा आवाज होता, तो अगदी माणसाचा. श्वास घेतल्यासारखा मधे थांबायचासुद्धा. वहिनींनी तो तीनदा ऐकला. उघडबांनी मात्र करार मागवला, चाळीस पानं छापून काढली, आणि पेन्सिल घेऊन बसले.

"हा आवाज त्यांच्याकडे राहणार. आपल्याला उतरवून घेता येणार नाही. उद्या त्यांनी दुकान बंद केलं तर?"

"बाबा, एवढी मोठी कंपनी कुठे पळून जातेय?" लेक म्हणाली. "आईचा विचार करा ना जरा."

"तिचाच करतोय."

"तुमच्या प्रोग्रॅमचा तो काय आवाज आहे का! सायकलची साखळी त्याहून बरी बोलते."

वहिनी दोघांकडे बघत होत्या. मग त्या बोलल्या. तो वाद तिथेच मिटला, आणि उघडबांच्या काळजात कायमचा रुतून बसला. "अहो, आयुष्यभर तुमची तत्त्वं मी ऐकली. घरातल्या प्रत्येक डब्याला तुमची चिठ्ठी चिकटली, मी हूं की चूं केलं नाही. पण आवाज माझा जाणार आहे. तुमचा नाही. मला माझ्यासारखं बोलायचंय."

कराराचे कागद ड्रॉवरमध्ये टाकून उघडबा दुकानात गेले आणि त्यांनी मधलं दार लावून घेतलं.

वाक्यं चारशे होती. कंपनीने धाडलेला छोटा माईक टॅबला लावून देवाच्या खोलीत वाचायची. तिथेच काय ती शांतता. लेक पंखा बंद करून शेजारी बसे आणि वहिनी एकेक वाक्य वाचत. काही अगदीच वेडगळ होती. "निळ्या छत्रीखाली सात बदकं बसली." वहिनी मधेच हसत, मग ते वाक्य पुन्हा. तीन दिवस हे चाललं. उघडबा तिन्ही दिवस दाराच्या अलीकडे एक मेलेला प्रिंटर सोडवत बसले. त्याचा मालक गाव सोडून गेला त्याला चार वर्षं झाली होती.

तिसऱ्या दिवशी दुपारी मधलं दार किलकिलं झालं. "पन्नासच राहिलीत," वहिनी म्हणाल्या. घसा बसत चालला होता. "या ना. बसा जरा माझ्यापाशी."

उघडबांनी मान वर केली नाही. "माझं काय काम तिथे? त्यांचं यंत्र ऐकतंय की."

दार लागलं. त्यांच्या टेबलावर, हाताच्या अंतरावर, त्यांचा स्वतःचा रेकॉर्डर पडला होता. बॅटरी भरलेली होती.

ऑपरेशन नीट पार पडलं. महिन्याभराने वहिनींनी टॅब मांडीवर घेतला, चष्मा लावून एकेक अक्षर शोधत काहीतरी लिहिलं आणि कळ दाबली. "अहो, जेवण निवतंय."

उघडबा दुकानातून धावत आले. दारातच थबकले. खरोखरचा तोच आवाज, त्यातली ती कुरकूरसुद्धा. ते खाली बसले आणि लहान मुलासारखे रडले. वहिनींनी घाईघाईने लिहिलं, "रडताय काय, वरण वाढून घ्या!" त्यावर दोघंही हसली. वहिनींचं हसू बिनआवाजाचं होतं, नुसते खांदे हलत होते.

ते दीड वर्ष देवाने पदरात टाकलं म्हणायचं. दिवेलागणीला प्रार्थना पुन्हा सुरू झाली. नातीला फरक कळला नाही. आजी हल्ली सावकाश बोलते, एवढंच ती म्हणे. गल्लीतले लोक चिडवायचे, "काय उघडबा, तुमच्याच घरात कुलूप?" ते म्हणत, "हो बाबा. कुलूप गोड निघालं." ते सुखावले होते, आणि सुखावलेला माणूस ढिला पडतो. टॅबमधून येणारा आवाज तरी आपल्या रेकॉर्डरमध्ये भरून ठेवावा, हे त्या दीड वर्षात एकदाही त्यांच्या मनात आलं नाही. जो आवाज रोज जेवायला बोलावतो तो साठवून ठेवायचं कुणाच्या मनात येतं?

एके संध्याकाळी नात फोनवर वाट बघत होती. वहिनींनी कळ दाबली. टॅब गप्प. पुन्हा दाबली. काचेवर एक ओळ उमटली: ही सेवा आता उपलब्ध नाही.

कंपनी दुसऱ्या कुणीतरी विकत घेतली होती, आणि त्यांना आवाजाचा धंदा नको होता. सूचना धाडली होती म्हणे, पण ती लेकीने नोंदणीसाठी उघडलेल्या पत्त्यावर. तो पत्ता तिने नंतर कधी पाहिलाच नव्हता.

उघडबांनी फोन लावला. पलीकडची बाई फार गोड बोलत होती.

"सर, आवाज मॅडमचाच आहे, पण त्यावरून बनवलेलं मॉडेल कंपनीचं आहे. ते देता येत नाही."

"ते राहू द्या तुम्हाला. तिने वाचलेली वाक्यं तरी द्या. चारशे वाक्यं. बाकीचं मी बघतो."

"मूळ रेकॉर्डिंग नव्वद दिवसांनी पुसलं जातं, सर. करारात आहे. पान एकतीस."

"पुसलं? कुठेच नाही?"

"सॉरी, सर. आणखी काही मदत करू शकते का?"

उघडबांनी ड्रॉवर उघडून करार काढला. पान एकतीस. त्या ओळीखाली पेन्सिलीची ठळक रेघ होती, आणि समासात त्यांच्याच अक्षरात लिहिलेलं होतं: "बघ, हे असं असतं!" बायकोला दाखवायला लिहिलेलं. वाद जिंकण्यापुरती त्यांनी रेघ मारली होती. शेजारी आपला रेकॉर्डर ठेवू नका, असं चाळीस पानांत कुठेही नव्हतं. ठेवला असता तर आज तीच वाक्यं मोकळ्या प्रोग्रॅमला शिकवता आली असती, आणि दीड वर्षात तो प्रोग्रॅमही पुष्कळ सुधारला होता. गल्लीतल्या साऱ्यांना जे सांगत आले, ते करायची वेळ घरात आली तेव्हा ते रुसून बसले होते.

त्यांनी घर पालथं घातलं. लेकीच्या फोनमधले समारंभाचे व्हिडिओ काढले. त्यात गाणी, गोंगाट, आणि वहिनी कायम स्वयंपाकघरात. सापडलं ते एकच. दुकानात कधीकाळी एक माईक तपासताना मधल्या दारातून आपसूक भरलं गेलेलं. आठ सेकंद. एवढ्याशावरून त्यांच्या प्रोग्रॅमला आवाज शिकता येईना. ते त्यांनी वहिनींना ऐकवलं नाही. कुठल्या तोंडाने ऐकवणार?

वहिनी चार दिवस पाटीवर लिहून बोलल्या. पाचव्या दिवशी लिहिलं, "तुमचा डबा आणा."

उघडबांनी जुन्या लॅपटॉपवर मोकळा प्रोग्रॅम घातला. त्यात कुणा भल्या बाईने सगळ्या जगासाठी देऊन टाकलेला एक आवाज होता; तो लावून दिला. वहिनींनी ऐकला, मान हलवली, आणि लिहिलं, "बाई चांगली असेल. पण परकीच्या आवाजात मी देवापुढे कशी बोलू? तुमचा द्या. तो निदान घरचा आहे."

"अगं, पण तो..."

"द्या."

त्या दिवेलागणीला फोन लागला. वहिनींनी लिहिलं, कळ दाबली. देवाच्या खोलीत पत्र्याच्या डब्यातून उघडबांचा आवाज म्हणाला, "दिवस दिलास, तो तुझ्या पायाशी परत ठेवते."

पलीकडून नात म्हणाली, "आजोबा, तुम्ही नको. आजीला द्या ना."

वहिनींनी लिहिलं. उघडबांच्या आवाजात उत्तर गेलं, "मीच आहे गं बाळा."

नात खळखळून हसली. "आजोबा आजी झाले! आई, ऐक, आजोबा आजी झाले!" आणि हसता हसता एकदम थांबली. "आता खरंच द्या ना आजीला."

उघडबा त्या दिवशी वहिनींच्या शेजारी बसले होते, बोलावल्यावाचून. त्यांनी हात पुढे केला. वहिनींनी धरला नाही, झिडकारलाही नाही. तो तसाच मांडीवर राहू दिला. पुढचं वाक्य पलीकडून आलं नाही. तेव्हा "चुकलंमाकलं पदरात घे" हेही वहिनींनीच लिहिलं, आणि लॅपटॉपने ते त्यांच्या नवऱ्याच्या आवाजात देवाला सांगितलं.

त्या लॅपटॉपला खालून उघडबांची चिठ्ठी आहे. काय बदललं, कुठला प्रोग्रॅम, कुठून उघडायचं, सारं रीतीप्रमाणे. शेवटी लिहिलंय, "आवाज: माझा." त्याखालची ओळ लिहून खोडलेली आहे.

हल्ली दुपारी गिऱ्हाईक नसलं की ते कानाला हेडफोन लावून बसतात. आठ सेकंद संपतात, पुन्हा लावतात. मधलं दार आता उघडंच असतं. एकदा असंच ऐकत असताना त्यांना वाटलं, शब्द दोनदा ऐकू येताहेत. त्यांनी हेडफोन काढला. आत वहिनी लॅपटॉपपाशी उभ्या होत्या, आणि उघडबांचाच खडखडता आवाज त्यांना बोलावत होता.

"अहो, जेवण निवतंय. किती वेळा सांगू?"