शर्यतीच्या घोड्याचा लगाम

माझी मावशी घोडे सांभाळते. बावीस वर्षं शर्यतीच्या तबेल्यात काढली, आता सहा वर्षं अडथळ्यांवरून उड्या मारणाऱ्या घोड्यांकडे आहे. डाव्या हाताची करंगळी वाकडी. विचारलं तर म्हणते, "एकाने लाडाने चावली."

इथले घोडे बहुतेक वॉर्मब्लड, म्हणजे हॅनोव्हेरियन नाहीतर होल्स्टायनर अशा जर्मन जातींचे. हाडापेराने दणकट, डोक्याने थंड, मागच्या पायांत नुसता जोर. त्यांच्यात एकटाच थरोब्रेड, म्हणजे शर्यतीच्या जातीचा, शर्यतीतून निवृत्त झालेला. सडपातळ आणि उतावळा. मावशीने इथल्या प्रशिक्षकांच्या, म्हणजे सरांच्या, मागे लागून आणवलेला. सगळे त्याला 'भाडेकरू' म्हणायचे. टिकणार नाही, अशी प्रत्येकाची खात्रीच होती.

त्या सकाळी त्याला परत न्यायला गाडी येऊन फाटकाशी उभी होती. सरांनी शेवटची संधी दिली होती: सहा अडथळे, त्यांवरच्या दोनपेक्षा जास्त आडव्या दांड्या पडल्या की भाडेकरू गाडीत.

सर स्वतः बसले. चार दांड्या पडल्या.

"मावशी, ही जातच पळायची. जेवढं ओढावं तेवढा जास्त पळतो. डोक्यावर परिणाम झालाय याच्या," सर घोड्यावरूनच म्हणाले.

"डोकं ठिकाणावर आहे त्याचं. शर्यतीत जॉकीने लगाम ताणून धरला की पळायचं, एवढंच शिकलाय तो. तुम्ही ताणता, तो पळतो. तुमचंच तर ऐकतोय बिचारा."

"हे आत्ता सांगताय?"

"दोन महिने सांगतेय. तुम्ही आत्ता ऐकताय."

गाडीवाल्याने हॉर्न वाजवला. मावशीने तिकडे मान वळवून बघितलंसुद्धा नाही. पडलेल्या दांड्या तिने एकेक करून पुन्हा चढवल्या, मग येऊन घोड्याच्या मानेवर हात ठेवला.

"अजून एकदा. लगाम सैल सोडा, पाठ ताठ ठेवा."

"आणि मी पडलो तर? हाडं कोण गोळा करणार?"

"मी. इथेच उभी आहे. सर, लगाम सोडायला सांगतेय, नोकरी नाही."

सर काहीतरी पुटपुटले, पण त्यांनी घोडा वळवला. पहिल्या अडथळ्याला त्यांचे हात आपोआप मागे गेले आणि दांडी खडखडत खाली आली.

"हात!" मावशी ओरडली. तबेल्यात सरांवर असं कुणी ओरडलेलं नव्हतं.

त्यांनी हात सैल सोडले. घोड्याने कान मागे केले, क्षणभर वाट पाहिली. काहीच ओढलं जाईना, तेव्हा चाल आपणहून आखडली. दुसरा अडथळा. तिसरा. लांब मान पुढे टाकत तो पाचही अडथळ्यांवरून स्वच्छ गेला.

सर धापा टाकत थांबले. "एक पडली."

"एकच पडली," मावशी म्हणाली. "आणि तीसुद्धा तुमची."

सरांनी घाम पुसला, फाटकाकडे पाहिलं. "त्या गाडीवाल्याला जायला सांगा."

"सांगते. उद्या सहाला तयार राहा. तुमच्या हातांवर अजून बरंच काम आहे."