कॅमेऱ्यातला पहिला पाहुणा

स्वस्तातला छोटा डिजिटल कॅमेरा घ्यायला मी दुकानात गेलो. चार कॅमेरे हाताळले आणि चारही वेळा समोरच्या दुकानदाराचाच फोटो काढला. दरवेळी तो तितकंच मनापासून हसला. ज्यात त्याची मिशी स्वच्छ दिसली, तो कॅमेरा मी घेतला. गावातल्या कितीतरी घरांच्या आठवणी याच गृहस्थापासून सुरू होत असतील, नाही का?

मुलीच्या बारशाचे फोटो टीव्हीवर लावले, तर पहिला तोच. सासूबाई बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "जावईबापू, तुमच्याकडे इतकं हसरं माणूस होतं, तर लग्नात कुठे लपवून ठेवलं होतंत?"

मी पुढचा फोटो लावला. इतका चांगला नातेवाईक हातचा कोण घालवेल?