पाच वितींची जागा

"आधी झोपून बघावं, मग बोलावं," असं म्हणून डॉक्टर बूट काढायचे आणि विकायला ठेवलेल्या कॅरॅव्हॅनमध्ये, म्हणजे मोटारीमागे जोडून ओढायच्या चाकांवरच्या खोलीत, शिरून खुशाल आडवे व्हायचे. विकणारा इंग्रज दारात उभा. त्याला वाटायचं, गिऱ्हाईक चक्कर येऊन पडलं की काय. डॉक्टर मात्र पडल्या पडल्या डाव्या हाताचं बोट प्लायवूडच्या भिंतीवर सपाट टेकवायचे आणि उजव्या हाताच्या बोटाने त्यावर ठोकायचे. टक, टक, टक, आणि मग ठप्. "पाणी आहे रे," ते मला मराठीत सांगायचे, "कॉर्नरला डॅम्प आहे. पेशंट वाचायचा नाही." छातीत पाणी झालंय का हे बघायची ती डॉक्टरांची रीत. तीच ते कॅरॅव्हॅनला लावत.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. भाजीवाल्याकडे भेंडीचं शेपूट मोडून बघणारी. आपल्या लोकांचा खरेदी लांबवण्यात कुणी हात धरू शकत नाही. पण डॉक्टरांची गोष्ट निराळी होती. हौसेचा भाग त्यात फारसा नव्हताच, हे मला ओळख झाल्यावर लवकरच कळलं.

मी त्या वेळी इंग्लंडात, लंडनबाहेरच्या स्लाऊजवळच्या एका हॉस्पिटलात लॅब टेक्निशियन होतो, आणि डॉक्टर वॉर्डात ज्युनियर. वयाने ज्युनियर नव्हते. सोलापूरकडे त्यांची चांगली प्रॅक्टिस होती, ती सोडून आले होते. इथे त्यांना सहा-सहा महिन्यांच्या नोकऱ्या मिळत. कधी बेसिंगस्टोक, कधी आणखी कुठे, फिरून पुन्हा आमच्याकडे. प्रत्येक ठिकाणी हॉस्पिटलने दिलेली एक खोली, नवराबायकोपुरती. मुलांना परवानगी नाही. नोकरी संपली की त्याच दिवशी किल्ली परत. "विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर," डॉक्टर म्हणायचे, "पण विंचवाला निदान पाठ तरी स्वतःची असते."

त्यांची मुलगी बेबी चार वर्षांची असताना ते निघाले. तिला साताऱ्याला थोरल्या भावाकडे ठेवलं. "सहा महिन्यांत घर बघतो आणि नेतो." भावाला मूलबाळ नव्हतं. भावजयीने पोरीला पदराखाली घेतलं. आणि इकडे डॉक्टरांना घर काही मिळेना. खिडकीत 'खोली भाड्याने' अशी पाटी असायची. वहिनी, म्हणजे डॉक्टरांच्या पत्नी, साडी नेसून दारात उभ्या राहिल्या की घरमालकीण गोड हसून म्हणायची, आत्ताच गेली हो खोली. परत येताना पाटी तिथेच. सुट्टीत उतरायच्या समुद्रकाठच्या बोर्डिंग हाऊसांचीही तीच तऱ्हा. मुलीला नुसतं सुट्टीला बोलवायचं म्हटलं तरी ठेवायची कुठे?

म्हणून कॅरॅव्हॅन. मोठी नको, कारण डॉक्टरांची जुनी गाडी चढावर नुसती स्वतःलाच ओढताना रडायची. लहान, हलकी, दोन चाकांची हवी. "घर नाही तर नाही, छप्पर तरी आपलं. पोरीला एक उन्हाळा तरी आपल्या छपराखाली निजवता येईल," असं त्यांनी मला अगदी सरळ सांगितलं होतं. त्यांना हवं होतं ते एवढंच.

तर दर रविवारी आम्ही दोघं अशा छोट्या कॅरॅव्हॅन बघत हिंडायचो. टायर दाबून बघ, हूक हलवून बघ, छताच्या कडेने पाणी शिरतं का बघ. माझं काम काय, तर शेजारी वहिनींच्या जागी झोपायचं. दोघं बाप्ये सॉक्स घालून शेजारी शेजारी उताणे पडलेले, आणि बाहेर विकणाऱ्याची बायको पडद्याआडून बघतेय. मग डॉक्टर उठून उशाकडच्या बाजूला आडव्या विती मोजायचे. एक, दोन, तीन, चार, पाच. "इथे बेबी. आम्ही पाय दुमडू." पाच वितींची जागा सापडली नाही की ती कॅरॅव्हॅन बाद.

आता तुमच्या लक्षात आलंच असेल. दर दिवाळीला साताऱ्याहून बेबीचा फोटो यायचा. दोन वेण्या आल्या, मग परकर-पोलकं गेलं आणि शाळेचा फ्रॉक आला, मग पुढचे दात पडले, मग नवे आले. डॉक्टर तो फोटो सगळ्या हॉस्पिटलला दाखवायचे. रविवारी मात्र विती पाचच. मी एकदा म्हटलं, "डॉक्टर, मुलगी वाढली असेल की आता." ते म्हणाले, "हो रे, वाढणारच." आणि वाकून पुन्हा पाच विती मोजल्या.

वहिनींना हा सगळा प्रकार असह्य व्हायचा. त्या त्याच हॉस्पिटलात वॉर्डात मदतनीस म्हणून राबायच्या, आणि पोरीबद्दल सहसा बोलायच्या नाहीत. एकदा फक्त आमच्या घरी जेवताना फटकन म्हणाल्या, "तुमचा डबा तपासून होईपर्यंत पोरीचं लग्न होईल हो." डॉक्टर हसले. माझ्या बायकोने आमटी वाढण्याच्या निमित्ताने विषय बदलला.

शेवटी स्लाऊमध्येच एका विधवा बाईंच्या अंगणात ती सापडली. नवऱ्याने हाताने बांधलेली, पुढे गोल आणि मागे निमुळती. आत फक्त गादी. उभं राहायची सोय नाही, बसलं तरी डोकं टेकेल. स्वयंपाकघर मागे, झाकण उचललं की स्टोव्ह आणि दोन फळ्या, आणि रांधणारी बाई पावसात उभी. त्या विधवेने सांगितलं, हिला टिअरड्रॉप म्हणतात. वहिनींनी विचारलं, म्हणजे काय? डॉक्टर म्हणाले, अश्रूच्या आकाराची. "रडकी वस्तू आणू नये," वहिनी म्हणाल्या. पण डॉक्टर आत जाऊन झोपले, ठोकून आले. कुठेही पाणी नव्हतं. विती पाच भरल्या. मला वाटतं, इतक्या वर्षांत मी त्यांना इतकं खूश कधी पाहिलं नव्हतं.

महिनाभर ते त्या गाडीच्या मागेच होते. फोमचा एक तुकडा आणून उशाकडच्या जागेत बसेल अशी छोटी गादी त्यांनी स्वतः कापली. वहिनींनी तिला फुलाफुलांचा अभ्रा शिवला. रडकी वस्तू म्हणणाऱ्या वहिनी आता मागच्या फळीवर गोडा मसाला ठेवू की मेतकूट, याचा विचार करायला लागल्या.

त्याच उन्हाळ्यात बेबी आली. आणायला आम्ही सगळेच गेलो होतो. एअर होस्टेसच्या मागून एक उंच, सडपातळ मुलगी चालत आली. वहिनींच्या खांद्याला लागत होती. डॉक्टर तिच्या मागे बघत राहिले, आणखी कुणी येतंय का ते.

ती वाकून दोघांच्या पाया पडली. गुणी मुलगी होती, हे मी मुद्दाम सांगतो. वाईट कुणीच नव्हतं या गोष्टीत. असतं तर बरं झालं असतं, त्याला शिव्या तरी घातल्या असत्या.

दुसऱ्याच दिवशी आम्ही दक्षिणेच्या किनाऱ्यावर गेलो. पुढे डॉक्टरांची गाडी आणि तिच्या मागे ती टिअरड्रॉप, त्यांच्या मागे आम्ही नवराबायको तंबू घेऊन. दुपारभर समुद्र पाहून झाला. संध्याकाळी पाऊस लागला. वहिनी मागचं झाकण उचलून त्याखाली पोहे परतत होत्या. डॉक्टरांनी बेबीला दार उघडून दाखवलं. "ही बघ तुझी जागा. खास."

बेबीने फुलाफुलांची गादी पाहिली. मग चपला काढून आत शिरली आणि त्या पाच वितींत बसली. गुडघे हनुवटीला लागले. "छान आहे," ती म्हणाली. वहिनी कालथा हातात घेऊनच पुढे आल्या. "असू दे गं, माझ्या कुशीत झोप. आपण दोघी मावू."

"नको नको, अहो आई," बेबी अगदी अदबीने म्हणाली. "तुम्ही झोपा नीट. दिवसभर दमलात. मी या काकूंच्या तंबूत झोपेन."

स्टोव्ह फरफरत होता. डॉक्टर हसायचा प्रयत्न करत म्हणाले, "अगं, तुम्ही काय? आईला कुणी तुम्ही म्हणतं का?"

"नाही," बेबी म्हणाली. "आईला मी तूच म्हणते."

बोलून गेल्यावर तिचं तिलाच कळलं, आणि तिने मान खाली घातली. सासूला सून म्हणते तसं ती वहिनींना 'अहो आई' म्हणत होती. जिला ती तू म्हणायची ती आई साताऱ्याला होती. तिथे उभ्या असलेल्या आम्हा सगळ्यांना ते समजलं, आणि त्या समुद्रकाठच्या इंग्रजांपैकी कुणालाही ते समजावून सांगता आलं नसतं. त्यांच्याकडे सगळ्यांना एकच 'यू'.

वहिनी मागे गेल्या. पोहे खाली लागले होते. त्यांनी ते खरवडले, आणि करपलेला भाग आपल्या ताटलीत घेतला. बेबीने "द्या ना, मी वाढते," असं म्हणून बाकीच्या ताटल्या भरल्या. पोहे चांगले झालेत असं आम्ही सगळे म्हणालो. सांगतो तुम्हाला, मी आयुष्यात बऱ्याच मयतींना गेलो आहे, पुढे डॉक्टरांच्याही गेलो. उत्तरेकडच्या कुठल्याशा हॉस्पिटलात, तशाच एका सहा महिन्यांच्या नोकरीत ते गेले. पण त्या संध्याकाळइतका जीव कुठेच गुदमरला नाही.

सुट्टी संपायच्या आधीच बेबीला घरची आठवण यायला लागली. शाळा बुडेल, असं म्हणाली. डॉक्टरांनी लगेच तिकीट काढलं. रागावले नाहीत, थांब म्हणाले नाहीत. वहिनींची ड्यूटी होती. ती बदलून घेता आली असती, पण त्यांनी बदलून मागितली नाही. एअरपोर्टवर डॉक्टरांबरोबर मी गेलो.

बेबी पाया पडली. डॉक्टरांचा हात तिच्या डोक्यापर्यंत गेला आणि तिथेच थांबला. मग त्यांनी तो मागे घेतला. मुलीला थट्टेने 'या बाईसाहेब' म्हणणारे बाप आपल्याकडे पुष्कळ असतात. डॉक्टर थट्टा करत नव्हते. घरी आलेल्या पाहुण्याला दारापर्यंत पोचवताना माणूस जसं वाकून, नीट बोलतो, तसं ते आपल्या पोरीला म्हणाले, "या हं. सवडीने या परत."

आणि तीही म्हणाली, "हो. येते."