मुलगी की खोली

तुम्हाला भर कोर्टात कुणी विचारलं, की तुमचं मूल हवं की तुमची श्रद्धा, तर उत्तर द्यायला किती वेळ घ्याल? डोळ्याचं पातं लवायच्या आत देऊन मोकळे व्हाल ना? मग तुम्ही चांगले आईबाप. कोर्टाच्या लेखी तरी. आमच्या सीटवालीने जरा वेळ घेतला आणि तिची मुलगी गेली.

सीटवाली म्हणजे गाड्यांच्या सीटांना कव्हरं शिवणारी. गॅरेजच्या मागे पत्र्याची शेड, आत छतापर्यंत फोमच्या थप्प्या, आणि त्यांच्या बेचक्यात तिचं मशीन. रेक्झिनवर खडूने रेघ मारायची आणि रेघेच्या बरोब्बर मधून कात्री न्यायची. कोपरा ओढून घ्यायला बाकदार सुई, आणि सुई हातात असली की दोरा दातात. त्यामुळे शेडमधलं तिचं निम्मं बोलणं हुंकारातच असायचं. मालक गिऱ्हाइकांना सांगायचा, "आमची सीटवाली बोलत नाही, म्हणून काम वेळेवर होतं." ती दातातला दोरा काढून म्हणायची, "मालक, तुम्ही दोघांचं मिळून बोलता, मी मध्ये कुठे घुसू?" तेव्हा बाई मुकी नव्हती, घुमी तर अजिबात नव्हती. हे आधी सांगून ठेवते, कारण पुढे लोकांनी तिच्याबद्दल काय काय लिहिलं ते तुम्हाला कळायचं आहे.

टायरच्या दुकानावर एक खोली आहे. तिथे आठवड्यातून एकदा वीसेक माणसं जमतात. बाकं आहेत, एक खिडकी, प्यायच्या पाण्याचं पिंप. मूर्ती नाही, फोटो नाही, पोथी नाही, पुढे बसणारा कुणी महाराज नाही. एकजण उठतो आणि आपल्या आयुष्यातला एक प्रश्न सगळ्यांसमोर मांडतो. आई म्हातारी झाली, भाऊ बघत नाही, मी काय करू, असा काहीही. त्या दिवशी कुणी उत्तर देत नाही. सगळे तो प्रश्न घेऊन गप्प बसतात, घरी नेतात, आणि पुढच्या आठवड्यात ज्याला काही सुचलं असेल तो सांगतो. याला ते म्हणतात उत्तर निवू देणं. त्यांचं म्हणणं असं, की घाईचं उत्तर भीतीचं नाहीतर रागाचं असतं. ते निवलं की खाली जे उरतं ते आपलं. मीठ कुठे आहे, बस किती वाजता आहे, हे अर्थातच लगेच सांगतात. पण ज्या प्रश्नात दुसऱ्याचं बरंवाईट अडकलंय, तिथे थांबतात. सगळी वस्ती त्यांना गप्पवाले म्हणते. ते स्वतःला काहीच म्हणत नाहीत, आणि तीच पुढे पंचाईत झाली.

सीटवालीचा नवरा लिफ्ट दुरुस्त करणारा. त्याच खोलीत दोघांची ओळख झाली, लग्न झालं, मुलगी झाली. मग हळूहळू तो यायचा बंद झाला. त्याच्यावर माझा राग आहे, पण त्याला राक्षस म्हणायची माझी तयारी नाही. घरात रोज डोकं उठायचं त्याचं. त्याची बहीण, म्हणजे हिची नणंद, ताटावरच सुरू व्हायची, "माझ्या सासरी विचारतात, तुमच्या माहेरी देव कोणता? काय सांगू, वहिनी? कळवते म्हणू?" यावर सीटवालीही हसायची. नवरा मात्र हसायचा बंद झाला होता. शेवटी तो बहिणीकडे राहायला गेला, मुलगी आईपाशी राहिली, आणि तसं चाललंही असतं.

मग शाळेत ते झालं. वर्गातल्या कुणीतरी एका मुलीला जिन्यावर ढकललं, तिचा दात पडला. बाईंनी हिच्या मुलीला विचारलं, "तू मागेच होतीस. कुणी ढकललं?" मुलगी म्हणाली, "उद्या सांगू का?" ढकलणारी तिची मैत्रीण होती, आणि पोरीला खरं सांगायचं होतं, पण त्या मैत्रिणीचं काय होईल याचा विचार केल्याशिवाय नाही. दुसऱ्या दिवशी तिने सांगितलंही. पण तोवर बाईंनी वडिलांना बोलावून घेतलं होतं. नणंदेने कपाळ बडवलं, "पोरीची जीभच बांधून टाकली यांनी." महिन्याच्या आत मुलीच्या ताब्याचा अर्ज कोर्टात.

तेव्हा ती माझ्याकडे आली. कोर्टाच्या फाटकाजवळ माझं टेबल असतं, बायकांच्या अडल्यानडल्याला. मी सरळच विचारलं, "बाई, हे तुमचं वर जे काही चालतं, ते आहे काय? धर्म, पंथ, की कुणी भोंदू बसलाय?"

"पुढच्या आठवड्यात सांगते," ती म्हणाली.

माझं डोकं फिरलं. "मागे रांग बघा किती आहे. तुम्ही काय फळं घ्यायला आलाय, पिकली की नेते म्हणायला?"

ती हसली आणि खरंच पुढच्या आठवड्यात आली. "ताई, मला माहीत नाही. आम्ही हे कधी विचारलंच नाही एकमेकांना. तुम्हीच येऊन बघा आणि ठरवा."

गेले. भोंदू सापडला असता तर त्याची गचांडी धरून जिन्यावरून खाली आणायच्या तयारीने गेले. दोन-तीनदा बसले. काय दिसलं? एक म्हातारा पेंगत होता. एका पोराच्या बुटाचा करकर आवाज येत होता. आणि एक बाई, जिने मागच्या वेळी प्रश्न मांडला होता, ती उत्तरं ऐकताना रडत होती. कुणी तिला गप्प केलं नाही. एवढंच.

कोर्टात समोरच्या वकिलाने मात्र झोडून काढलं. "धर्म म्हणावं तर ग्रंथ नाही. पंथ म्हणावं तर कुठल्या धर्मातून निघाला ते यांनाच सांगता येत नाही. मग राहिलं काय?" राहिलेला शब्द तो तोंडाने बोलला नाही, पण त्याच्या अर्जात होता: माणसाची इच्छाशक्ती मारणारी टोळी. मी मागच्या बाकावर दात खात बसले होते. टायरच्या दुकानावर बसतात म्हणून टोळी. डोक्यावर एखादा घुमट असता तर कुणाची टाप होती असं लिहायची? कुठल्याही मोठ्या धर्माच्या बाईला असं सिद्ध करत बसायला लावलंय का कुणी?

मग त्याने तो प्रश्न विचारला. आवाज मऊ करून, एखाद्या दिरासारखा. "बरं, ते राहू द्या. मुलगी की खोली, एकच ठेवायचं झालं तर?"

ती थांबली.

मी बाकाची कड घट्ट धरली. मनात म्हटलं, बोल गं बाई, आज तरी गरम गरम बोल. तिने डोळे मिटले नाहीत, मान खाली घातली नाही. त्याच्याकडे बघत होती, अगदी नीट, जसं रेक्झिन कापायच्या आधी बघते. वकील न्यायाधीशबाईंकडे वळला. "पाहा. आईला विचार करावा लागतोय." आणि खाली बसला.

"मुलगी," ती म्हणाली. स्पष्ट म्हणाली. पण तोवर खुर्च्या सरकल्या होत्या, कागद उलटले होते. निकालात आलं: बराच वेळ घुटमळून आईने मुलीचं नाव घेतलं.

न्यायाधीशबाई वाईट नव्हत्या. त्यांनी मुलीला आपल्या खोलीत नेलं, बिस्किट दिलं, चौकशी केली. मग विचारलं, "बाळा, तुला कुणाकडे राहायचंय?" हे मला आमच्या वकिलाने सांगितलं, तो आत होता. तो म्हणाला, मुलीने हातातलं बिस्किट खाली ठेवलं आणि गप्प बसली. अहो, नऊ वर्षांची पोर. एक नाव घेतलं की दुसरं माणूस दुखावणार. तिच्या घरात असा प्रश्न कुणी पटकन सोडवतच नाही. जन्मल्यापासून तिने तेच पाहिलंय. न्यायाधीशबाई थांबल्या, पण किती थांबणार, बाहेर पुढचं प्रकरण उभं. त्यांनी लिहिलं: मूल दडपणाखाली आहे, स्वतःची इच्छा सांगू शकत नाही. ताबा वडिलांकडे.

निकाल लागला त्या दिवशी व्हरांड्यात नवरा मुलीची बॅग घेऊन उभा होता. त्याचेही डोळे लाल. मुलगी आईपाशी आली आणि म्हणाली, "आई, माझं उत्तर झालंय. आता सांगू?"

सीटवाली खाली बसली, पोरीच्या उंचीला आली. तिच्या फ्रॉकची वर गेलेली बाही ओढून सरळ केली.

"आता नको, राणी."

"पण त्या बाईंना हवं होतं ना?"

"त्यांचं लिहून झालं. आता सांगितलंस तर बाबांना तरी लागेल, नाहीतर मला. ठेव तुझ्यापाशी."

मुलगी गेली. मी इतकी चिडले होते, की सगळा राग तिच्यावरच काढला. "तुमच्या त्या निवण्याने घात केला. तुमचाही आणि पोरीचाही. काय मिळालं?" ती तशीच निघून गेली. आठवडा गेला, मग ती माझ्या टेबलाशी आली. म्हणाली, "ताई, तुम्ही विचारलंत त्याचा खूप विचार केला. मला काही सापडलं नाही." आणि तिथेच, रांगेतल्या बायकांसमोर, हुंदके देऊन रडली. तिची आई गेली तेव्हाही ती अशी रडली नव्हती, हे तिने स्वतः सांगितलं.

आता ती शेडमध्ये असते. दोरा दातात नसला तरी बोलत नाही. मालकाने तिची थट्टा करणं सोडलंय. एकदा माझ्याजवळ हळूच म्हणाला, "ताई, काहीतरी करा ना. शेड खायला उठते." वरच्या खोलीत ती अजून जाते. पण प्रश्न मांडत नाही.

कोर्टाने भेट ठेवली आहे, शनिवारी दुपारी, बालकल्याणच्या कार्यालयात, तासभर. अट एकच: भेटीत नात्यातलं नाही आणि गप्पवाल्यांपैकीही नाही असं एक मोठं माणूस हजर पाहिजे. इतके दिवस मी बसत होते. मायलेकी काय करतात? मुलगी गणितं दाखवते. आई तिच्या वेण्या घालते. मागच्या महिन्यात समोरच्या वकिलाने हरकत घेतली, की ही बाई त्या खोलीत जाऊन बसलेली आहे, तेव्हा हीसुद्धा त्यांच्यातलीच. मी, जिला आजवर एक आख्खं वाक्य गिळता आलेलं नाही, ती गप्पवाली. हरकत मान्य झाली. शेडमालक तिला पगार देणारा, म्हणून तो चालत नाही. शेजारी घाबरतात. तीन शनिवार गेले, भेट झालेली नाही. मुलगी येते, बापासोबत बाहेरच्या बाकावर बसते आणि परत जाते. आई कार्यालयाच्या फाटकापलीकडे उभी राहून बघते, कारण तेवढ्याला बंदी नाही.

हे वाचणारे तुम्ही कुठल्याही धर्माचे असा, नाहीतर कशालाच मानत नसा. खोलीत जाऊ नका, त्यांच्याबद्दल चांगलं बोलूही नका. नुसतं येऊन खुर्चीवर बसायचं आहे, आणि रजिस्टरवर सही करून सांगायचं आहे की मी त्यांच्यातला नाही. कोर्टाच्या फाटकाजवळ माझं टेबल आहे. येत्या शनिवारी दुपारी एक तास द्या.